आईची नैराश्याची गोळी, चक्कर आणि ईसीजीतला ‘क्यूटी’ : कुणाला अनुभव आहे का?

मांजराकाठ (धागाकर्ती) | १२ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी होईल, पण शेवटपर्यंत वाचा, मला खरंच मदत हवी आहे.

आई ६७ वर्षांची. औसा तालुक्यात गावी असते, मी लातुरात. बाबा गेल्यावर तिनं बोलणंच टाकलं. दुःख आहे, ओसरेल, असं सगळेच म्हणत होते. ओसरलं नाही. पहाटे तीनला उठून ओसरीवर बसायची. जेवण दोन घासांवर आलं. एका रात्री म्हणाली, “आता कशाला जगूलाले गं मी?” दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. एसिटालोप्राम सुरू झाली, आधी ५ मिलिग्रॅम, मग १०. दोन महिन्यांत आई परत आली. येळवशीला (वेळा अमावास्येला) स्वतः शेतात आली, भज्जी रांधली, आंबील घुसळली, कोपीपुढे बसून सगळ्यांना वाढलं. शेजारच्या रानातल्या बायका तिला बघून रडल्या.

फेब्रुवारीत पुन्हा उतरली तेव्हा डोस २० झाला. तिथपर्यंत ठीक होतं.

मेच्या शेवटी, ऐन उन्हात, जुलाब-उलट्या लागल्या. गावातल्या डॉक्टरांनी ॲझिथ्रोमायसिन दिली आणि उलटी थांबायला ऑनडॅनसेट्रॉनचं इंजेक्शन. बीपीची गोळी चालूच होती, टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन असलेली. पित्ताची कॅप्सूलही रोज सकाळी, ती तिनं दुकानातून आपल्या मनानंच सुरू केलेली. तिसऱ्या दिवशी चुलीपासून दाराकडे जाताना कोसळली. घाम नाही, अंधारी नाही, काही नाही. अर्ध्या मिनिटात डोळे उघडले. नंतर म्हणाली, “दिवा इझल्यावानी झालं बघ.” आदल्या रात्री छातीत फडफड होत होती, तेही तिनं तेव्हाच सांगितलं.

लातुरात आणलं. ईसीजीत क्यूटीसी ५१२, ठोक्यानंतर हृदय पूर्ववत व्हायचा वेळ फार लांबलाय म्हणाले. रक्तात पोटॅशियम २.७, फारच कमी. दोन दिवस अतिदक्षता विभागात मॉनिटर लावून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम सलाइनमधून दिलं. एसिटालोप्राम तिथेच थांबवली आणि “पुढचं मानसोपचारवाल्यांना विचारा” म्हणाले. आमचे डॉक्टर बाहेरगावी, येईपर्यंत दहा दिवस.

घरात आता रणकंदन आहे. मामा म्हणतात, डोक्याच्या गोळीनं हृदय खाल्लं, पुन्हा ती घरात दिसता कामा नये. इकडे आईला गोळी बंद होऊन नऊ दिवस झाले. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं म्हणते. आणि काल पहाटे तीनला ओसरीवर बसलेली दिसली.

माझा प्रश्न सरळ आहे. दोष गोळीचाच का? आणि आता काय करू?


पानगळ | १३ जून, सकाळी ७:०५

ताई, वाचून जीव हलला. मी स्वतः तीन वर्षं याच गटातली गोळी घेते आहे. सुरुवातीच्या पंधरा दिवसांत माझंही काळीज जोरात उडायचं. ईसीजी स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, ही घबराट आहे आणि गोळी अंगवळणी पडायला वेळ लागतो. तुमच्या आईचं तसं दिसत नाही. धडधड होणं वेगळं आणि न सांगता कोसळणं वेगळं. सेकंड ओपिनियन घ्याच.


दुधना | १३ जून, सकाळी ९:३०

मी मामांच्या बाजूने आहे. माझ्या चुलत्याला अशाच गोळ्या होत्या. दिवसभर सुस्त, तोंडाला कोरड, उभं राहिलं की झोक जायचा. एकदा पडून खुब्याचं हाड मोडलं. आम्ही गोळ्या बंद केल्या तर माणूस तरतरीत झाला. म्हाताऱ्या माणसाच्या शरीराला हे झेपत नाही. आईला माणसांत ठेवा, हरिपाठाला पाठवा, गोळी नको.


तेरणा | १३ जून, दुपारी १:१५

दुधनादादा, तुमच्या चुलत्यांचं ऐकून वाईट वाटलं. पण मला बोलू द्या.

माझा धाकटा भाऊ. तीन एकर कोरडवाहू, दोन वर्षं सोयाबीन हातचं गेलं. परभणीला दाखवलं, गोळ्या लागल्या, चार महिन्यांत पोरगं हसायला लागलं. मग कुणीतरी त्याला सांगितलं की या गोळ्यांनी हार्ट अटॅक येतो. त्यानं कुणाला न विचारता बंद केल्या. घरातल्यांनीही बरं झालं म्हटलं, मीही म्हटलं. सात आठवड्यांनी आमचा भाऊ आम्हाला राहिला नाही.

त्याला कुणी ईसीजी काढ म्हणालं असतं, दुसरी गोळी माग म्हणालं असतं, तर वाट होती. आम्हाला दोनच वाटा ठाऊक होत्या, घे नाहीतर सोड. मांजराकाठ, आई पहाटे उठून बसते आहे ना, मग दहा दिवस थांबू नका. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आजच फोन करा. आणि आईला रात्री एकटी झोपू देऊ नका.


मांजराकाठ (धागाकर्ती) | १३ जून, दुपारी २:००

तेरणाताई, काय लिहू कळत नाही. फोन करते. आईला मी लातुरातच ठेवून घेतलं आहे, माझ्याच खोलीत झोपते.


रात्रपाळी | १३ जून, रात्री १०:५०

मी बारा वर्षं अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. औषध काय द्यायचं हे मी सांगणार नाही, पण तो कागद कसा वाचतात हे सांगते. कागद कळला की भीती निम्मी होते.

ईसीजी समोर घ्या. गुलाबी जाळी आहे. बारीक चौकट म्हणजे ०.०४ सेकंद, जाड रेघेची मोठी चौकट म्हणजे ०.२० सेकंद. प्रत्येक ठोक्यात आधी एक छोटा उंचवटा, मग उभा सुळका, मग गोल टेकाड. सुळका सुरू होतो तिथून टेकाड उतरून रेघ सपाट होईपर्यंत जो वेळ लागतो तो क्यूटी. हृदयाचे खालचे कप्पे आकसायला आणि त्यांच्यातली वीज पुन्हा जागेवर यायला लागणारा हा वेळ.

शेतात दारं धरलेल्याला हे पटकन कळेल. एका वाफ्याचं पाणी पुरतं बसायच्या आत पुढचं दार फोडलं तर पाणी वाट्टेल तिकडं पळतं. वीज जागेवर यायला उशीर होत असेल आणि तेवढ्यात पुढचा ठोका येऊन पडला, तर हृदय नीट आकसत नाही, नुसतं थरथरतं. मॉनिटरवर तेव्हा सुळके पीळ घातल्यासारखे दिसतात, एकदा वर, एकदा खाली. एका फ्रेंच डॉक्टरांनी १९६६ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून नावही फ्रेंच आहे : टोर्साद द प्वाँत, म्हणजे टोकांचा पीळ. थोड्या सेकंदांत आपोआप थांबलं तर माणूस “दिवा विझल्यासारखा” पडतो आणि उठतो. थांबलं नाही तर जीव जातो. तुमच्या आईंचं वाक्य वाचून माझ्या अंगावर काटा आला. नेमकं असंच सांगतात पेशंट.

क्यूटीसी म्हणजे नाडीच्या वेगाप्रमाणे दुरुस्त केलेला आकडा. साधारण ४५० मिलिसेकंदांपर्यंत पुरुषांत, ४६० पर्यंत बायकांत ठीक मानतात. बायकांचा मुळातच थोडा लांब असतो. ५०० च्या वर गेला की आमच्याकडे धावपळ सुरू होते.

पण यंत्रानं छापलेला आकडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. नेहमी वापरतात ते बॅझेटचं सूत्र १९२० चं आहे आणि नाडी जोरात असली की ते आकडा फुगवतं. क्यूटी ३६० असेल आणि नाडी ६०, तर क्यूटीसी ३६०च. नाडी १०० झाली की त्याच ३६० चे ४६५ होतात. तापात, घाबरून, धापा टाकत काढलेला ईसीजी पाहून कुणी घाबरू नये. डॉक्टर हातानं मोजतात ते म्हणूनच. आईंचा ५१२ आला तेव्हा नाडी किती होती, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बघाल का?


मांजराकाठ (धागाकर्ती) | १३ जून, रात्री ११:२०

नाडी ६८.


रात्रपाळी | १३ जून, रात्री ११:२५

म्हणजे खराच लांब होता.


गोळीवाला | १४ जून, सकाळी ८:१०

बीड जिल्ह्यात माझं मेडिकल आहे, एकवीस वर्षं झाली. काल रात्रीपासून हा धागा डोक्यातून जात नाहीये.

ताई, ती पित्ताची कॅप्सूल कोणती? ओमेप्राझोल आणि डॉमपेरिडोन एकत्र असलेली असेल तर ऐका. आमच्याकडे सर्वांत जास्त खपणाऱ्या मालात ती आहे. लोक नाव घेत नाहीत, “ती पित्ताची दे” म्हणतात आणि आम्ही पट्टी काढून देतो. त्यातलं डॉमपेरिडोन स्वतःच क्यूटी लांबवतं. याच कारणासाठी युरोपात २०१४ मध्ये त्यावर निर्बंध आले, १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, तेही शक्यतो आठवडाभरच. अमेरिकेत तर त्याला मान्यताच नाही. आणि आपल्याकडे माणसं वर्षानुवर्षं रोज सकाळी घेतात.

दुसरं ओमेप्राझोल. एसिटालोप्राम यकृतातल्या ज्या वितंचकानं (एन्झाइमनं) मोडली जाते, त्यालाच ओमेप्राझोल अडवतं. मग २० ची गोळी घेतली तरी रक्तात त्याहून जास्त साठते. एकाच कॅप्सूलमध्ये दोन्ही बाजूंनी मार.

मी आजवर कुणाला विचारलं नाही की अजून काय घेता. आजपासून विचारणार. हे मनापासून लिहितो आहे.


मांजराकाठ (धागाकर्ती) | १४ जून, सकाळी ८:४५

तीच आहे. आत्ता पिशवीतून पट्टी काढून बघितली. ओमेप्राझोल २०, डॉमपेरिडोन १०. चार महिन्यांपासून रोज.


निदानपूर्व | १४ जून, रात्री ९:३०

मी एमडी मेडिसिन, मराठवाड्यातच प्रॅक्टिस. पेशंट न तपासता उपचार सांगणं बरोबर नाही, म्हणून आईंच्या डॉक्टरांना विचारायचे मुद्दे म्हणूनच हे वाचा.

एका गोळीच्या माथी खापर फोडू नका. असा प्रसंग बहुतेक वेळा चार-पाच गोष्टी एकत्र आल्यावरच घडतो. इथे मोजा : वय ६७, स्त्री, एसिटालोप्राम २०, क्लोरथॅलिडोन जे लघवीवाटे पोटॅशियम घालवतं, जुलाब-उलट्यांत गेलेलं उरलंसुरलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम, वर ॲझिथ्रोमायसिन, ऑनडॅनसेट्रॉन आणि डॉमपेरिडोन. शेवटची तिन्ही क्यूटी लांबवणारी. हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडण्याची जी दारं आहेत ती ही औषधं कमी-अधिक अडवतात. रक्तातलं पोटॅशियम खाली गेलं की ती दारं आणखीच जड चालतात. यांतली कुठलीही एक-दोन कारणं वगळली असती तर बहुधा आई पडल्या नसत्या.

तरीही डोसचा मुद्दा आहेच. एसिटालोप्राम ही सिटालोप्रामची धाकटी बहीण. सिटालोप्रामबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्ये इशारा दिला : ४० च्या वर देऊ नका. वय ६० च्या पुढे असेल तर २० च्या वर नाही. एसिटालोप्रामबद्दल ब्रिटनमध्ये त्याच वर्षी सांगितलं गेलं की ६५ च्या पुढे कमाल १० मिलिग्रॅम. म्हणजे आईंचा २० हा डोस वयाच्या मानानं जास्त होता. नैराश्य उलटलं की डोस वाढवायचा मोह डॉक्टरांना होतो, मलाही होतो. वाढवायचाच असेल तर आधी एक ईसीजी, पोटॅशियम, आणि वाढवल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा ईसीजी. साधी पट्टी आहे, तालुक्याला निघते.

दुधना यांच्या चुलत्यांचं वर्णन वाचून वाटतं की ती जुन्या गटातली गोळी असावी, ॲमिट्रिप्टिलीन, इमिप्रामीन, डोसुलेपिन यांपैकी. तोंड कोरडं, उभं राहिल्यावर बीपी उतरणं, सुस्ती, ही त्यांचीच लक्षणं. म्हणजे तुमचा अनुभव खोटा नाही. इमिप्रामीन १९५० च्या दशकात आलं, या घराण्यातलं पहिलं. ही औषधं हृदयातल्या सोडियमच्या वाटाही अडवतात, त्यामुळे सुळकाच रुंद होतो. ज्याला हार्ट अटॅक येऊन गेला आहे किंवा हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा आहे त्याला आम्ही ती टाळतो. आणि एकदम जास्त गोळ्या पोटात गेल्या तर हीच सर्वांत घातक. घरात लहान मूल असेल किंवा कुणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचा विचार असेल, तर ती पट्टी कोनाड्यात पडलेली नको, कुलपात हवी.

आता पर्याय. सर्ट्रालीन. हार्ट अटॅक किंवा अस्थिर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून उठणारी छातीतली कळ) होऊन गेलेल्या ३६९ नैराश्यग्रस्त रुग्णांवर तिचा अभ्यास झाला, २००२ मध्ये छापून आला. हृदयाच्या कामावर वा ठोक्यांवर वाईट परिणाम दिसला नाही. म्हणून हृदयरोगी माणसाला नैराश्याची गोळी द्यायची तर आमचा हात आधी तिच्याकडे जातो. क्यूटीवर तिचा भार फार कमी. अगदी शून्य म्हणणार नाही. व्हेन्लाफॅक्सिनमध्ये मात्र बीपी आणि नाडी वाढू शकते, बीपीच्या पेशंटला ती देताना मोजत राहावं लागतं.

मामांना एक सांगा. नैराश्य तसंच ठेवणं हे हृदयाला सुरक्षित नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ मध्ये स्पष्ट म्हटलं की हार्ट अटॅकनंतर नैराश्य असेल तर पुढचं भवितव्य बिघडतं. ज्याला जेवायची इच्छा नाही तो बीपीची गोळी तरी वेळेवर कुठून घेणार.


मांजराकाठ (धागाकर्ती) | १४ जून, रात्री १०:१०

डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू. मामांना आत्ताच मोठ्यानं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण उठून गेलेही नाहीत.

डोक्यात करंट बसतो त्याचं काय? ते हृदयाचं तर नाही ना?


निदानपूर्व | १४ जून, रात्री १०:३५

नाही. ही गोळी एकदम बंद झाल्याची लक्षणं. मान किंवा डोळे फिरवले की झटका, गरगर, चिडचिड, विचित्र स्वप्नं. एसिटालोप्राममध्ये होतं, पॅरोक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये जास्त, फ्लुओक्सेटीनमध्ये क्वचित, कारण ती शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळते. एरवी आम्ही हळूहळू कमी करतो. ५१२ असताना तेवढा वेळ नसतो, एकदम थांबवणं बरोबरच होतं. फक्त थांबवल्यावर पुढची वाट त्याच दिवशी ठरायला हवी होती. दहा दिवस वाट बघणं नको. मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग आहे, लातूरला, अंबाजोगाईला, नांदेडला, संभाजीनगरच्या घाटीत. जवळचा गाठा. कागद सगळे न्या, आणि गोळ्यांच्या पट्ट्या नावासकट.


तेरणा | १४ जून, रात्री ११:००

हे लिहिल्यावाचून राहवत नाही. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं म्हणजे ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. आमच्या भागातून माणूस “वेड्याच्या दवाखान्यात” न्यायचा म्हणजे परमुलखात न्यायचा, ही भीती जुन्या लोकांच्या हाडात आहे. भाऊ गेला त्याला तीही एक गोष्ट कारणीभूत होती. जिल्ह्याच्या ठिकाणी आता हे डॉक्टर बसतात, हे गावात कुणी सांगतच नाही.


पांढरीची_आशा | १५ जून, दुपारी ३:४०

मी आशा कार्यकर्ती आहे, हिंगोलीकडची. प्रेरणा प्रकल्पात आम्ही घरोघर जाऊन झोप, भूक, मन यांबद्दल प्रश्न विचारतो. २०१५ ला शेतकऱ्यांसाठी सुरू झाला तो. त्यामुळे कोणाच्या घरी नैराश्याची गोळी आहे हे आम्हाला कळतं. पण जुलाब लागल्यावर त्याच माणसाला वेगळं जपायचं असतं हे मला आज इथं कळलं.

एक माझ्याकडून. जुलाबात लोक मीठ-साखरेचं पाणी देतात आणि पाकीट बाजूला ठेवतात. मीठ-साखरेत पोटॅशियम नसतं. ओआरएसच्या पाकिटात असतं, लिटरला १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. आमच्या उपकेंद्रात पाकिटं फुकट मिळतात. पूर्ण लिटरभर पाण्यातच कालवायचं, थोडं-थोडं करून नाही. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

आणि माणूस असा अचानक पडला, किंवा छातीत फडफड होऊन डोळे फिरले, तर चपला सुंगवत बसू नका. १०८ लावा.


कन्हेर | १५ जून, सायंकाळी ६:२०

माझा वेगळा प्रश्न आहे. मला अर्धशिशीसाठी ॲमिट्रिप्टिलीन १० दिली आहे, रात्री एक. वय ३४, बाकी काही नाही. हा धागा वाचून कालची गोळी घेतलीच नाही. बंद करू का?


रात्रपाळी | १५ जून, सायंकाळी ७:००

ताई, आजची घ्या आणि झोपा. अर्धशिशीत किंवा नसांच्या दुखण्यात १० दिली जाते, नैराश्यात त्याच औषधाचे ७५, १०० आणि पुढे जातात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरीही दोन गोष्टी स्वतःला विचारा. घरात कुणी तरुणपणी अचानक, पोहताना, पळताना किंवा झोपेत गेलंय का? तुम्हाला कधी विनाकारण भोवळ येऊन पडायला झालंय का? उत्तर हो असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगून एक ईसीजी काढा. काही जणांचा क्यूटी जन्मतःच लांब असतो आणि एखादी गोळी पडेपर्यंत कळत नाही.


कन्हेर | १५ जून, सायंकाळी ७:१०

दोन्हींचं उत्तर नाही. घेते. जीव भांड्यात पडला.


दुधना | १६ जून, सकाळी ८:००

चुलत्याच्या जुन्या चिठ्ठ्या काढून बघितल्या. डोसुलेपिन ७५ लिहिलंय. डॉक्टर म्हणाले तेच निघालं. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं असतं की दुसरी गोळी मिळते, तर बंद न करता बदलून घेतली असती. तेरणाताई, माझं पहिलं लिहिणं तुम्हाला लागलं असेल. माफ करा.


तेरणा | १६ जून, सकाळी ९:१५

नाही दादा. तुम्ही चुलत्याच्या काळजीनंच केलं. आम्हीही काळजीनंच केलं होतं.


मांजराकाठ (धागाकर्ती) | २० जून, रात्री १०:००

मेडिकल कॉलेजला दाखवून आले. पट्ट्या टेबलावर मांडल्या तेव्हा तिथल्या मॅडम एकेक उचलून बघत होत्या, आणि पित्ताची कॅप्सूल हातात आल्यावर थांबल्या. “ही कुणी दिली?” आईनं माझ्याकडे बघितलं. “म्याच आणली,” म्हणाली, चोरी पकडल्यासारखी. मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला. “आई, यात तुमची काही चूक नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.”

आजचा ईसीजी ४५२. पोटॅशियम ४.१. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला. सर्ट्रालीन २५ सुरू झाली, आठवड्यानं ५०. क्लोरथॅलिडोन काढून बीपीसाठी ॲम्लोडिपिन दिली. ती कॅप्सूल बंद. पित्तासाठी रात्रीचं तिखट आणि सकाळचा उपाशीपोटी चहा सोडायचा, तरी जळजळ झाली तर पँटोप्राझोल, तीही विचारून.

मामा सोबत आले होते. बाहेर बाकावर बसून होते. परत येताना रिक्षात मला म्हणाले, त्या पोराच्या बहिणीला माझा नमस्कार सांग. तेरणाताई, हा तुम्हाला.


गोळीवाला | ९ जुलै, दुपारी १२:३०

आई कशा आहेत? गल्ल्याजवळ मी एक कागद चिकटवलाय : “नैराश्य, झोप, ठोके किंवा बीपीची गोळी चालू असेल तर आधी सांगा.” पंधरा दिवसांत चौघांनी सांगितलं. त्यात एक आजोबा, एसिटालोप्राम १० वर होते आणि खोकल्याला दुसरीकडून ॲझिथ्रोमायसिन लिहून आणलेलं. लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दोन मिनिटांत बदलून दिलं, रागावले वगैरे नाहीत.


मांजराकाठ (धागाकर्ती) | २६ सप्टेंबर, रात्री ९:४५

उशिरा लिहितेय. सर्ट्रालीन ५० ला तीन महिने झाले. परवाचा क्यूटीसी ४४१. मध्ये जुलैत चार आठवडे फार वाईट गेले, गोळीचा गुण यायला वेळ लागला आणि सुरुवातीला तिला मळमळायचं. आता पहाटे पाचला उठते, तीनला नाही. काल भावजयीशी भांडली, हळदीचा डबा जागेवर नव्हता म्हणून. आम्ही दोघी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसलो.

पानगळनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं होतं, म्हणून आईच्या पिशवीतली चिठ्ठी इथं देते. रेशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये घालून ठेवली आहे, मागे शेवटच्या ईसीजीची घडी.

“वय ६७. बीपी आहे, साखर नाही. रोज : सर्ट्रालीन ५० सकाळी, टेल्मिसार्टन ४०, ॲम्लोडिपिन ५. मे महिन्यात क्यूटी ५१२ होऊन चक्कर आली होती, पोटॅशियम २.७ होतं. ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑनडॅनसेट्रॉन, डॉमपेरिडोन, फ्लुकोनाझोल देण्याआधी ईसीजी बघावा. जुलाब-उलटी झाल्यास पोटॅशियम तपासावं. मुलीचा फोन : ”

फोन नंबर अर्थातच इथं खोडला आहे. गोळीवाले दादा, तुम्हाला दुकानात लावायला हवी असेल तर खुशाल वापरा, आईला विचारलंय. उद्यापासून गावी आहे, सोयाबीन काढणीला आलंय आणि आईला रानात यायचंय. रेंज नसते, उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या.